हजिऱ्याची वज्र, पुण्याचा घोडा आणि इटलीचा डबा

चलथाण म्हटलं की सुरतेकडच्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो, हायवेवरची ट्रकांची रांग येते आणि ताप्ती लाइनवरचं ते छोटं स्टेशन येतं. उधन्याला गाडीत बसलेला खानदेशी इथूनच बारडोली, व्यारा करत नवापूर गाठतो. नवापूरचा फलाट अर्धा गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, हे तो शेजारच्या प्रवाशाला हमखास सांगतो. पण घरापासून शहर ओलांडलं की पलीकडे, तापीच्या मुखाशी, रणगाडा तयार होतो हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

हो, रणगाडाच. हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोचा चिलखती गाड्यांचा कारखाना आहे. (कंपनी मुंबईत १९३८ साली दोन डॅनिश इंजिनिअरांनी काढली. लार्सन आणि टुब्रो ही त्या दोघांची आडनावं.) तिथून आधी बाहेर पडली ती 'के-९ वज्र'. पट्ट्यांवर चालणारी १५५ मिलिमीटरची ही तोफ लांबून बघणाऱ्याला रणगाडाच वाटते. फरक असा, की रणगाडा समोर दिसणाऱ्या शत्रूवर थेट मारा करतो आणि वज्र डोंगराआड बसून तीस-पस्तीस किलोमीटरवर गोळा टाकते. १९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी हजिऱ्यात या वज्रवर बसून फेरी मारून गेले. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी शंभरावी वज्र कारखान्यातून निघाली, तेव्हा हिरवा झेंडा दाखवायला होते लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे. हे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे विद्यार्थी. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी शंभर वज्रांचा ७,६२९ कोटी रुपयांचा करार झाला. हजिऱ्याला काम पुरून उरेल.

खरा रणगाडा आला तो ६ जुलै २०२४ रोजी. डीआरडीओचे प्रमुख डॉ. समीर कामत हजिऱ्याला आले आणि 'जोरावर' जगापुढे आला. वजन २५ टन, तोफ १०५ मिलिमीटरची. आपला टी-९० भरतो ४६ टन आणि नवा अर्जुन तब्बल ६८ टन, त्यांच्यापुढे हा पोरगेलासा. पण लडाखच्या विरळ हवेत जाडजूड पैलवानापेक्षा चपळ गडीच लागतो. हा विमानातून उचलून नेता येतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्योमाला, ४,२०० मीटर उंचीवर, त्यानं गोळे डागून दाखवले. नाव कुणाचं? १८३०च्या दशकात लडाख जिंकणाऱ्या आणि १८४१ साली तिबेटच्या थंडीत लढताना पडलेल्या डोगरा सेनानी जोरावरसिंगाचं. योग्य माणसाचं नाव योग्य गाडीला लागलं, असं सरकारी खात्यात क्वचित घडतं.

आधी इटलीत डोकावू

आपल्या माणसांच्या रणगाड्यांच्या गोष्टीत एक इटालियन रेजिमेंटही येते, म्हणून आधी तिकडे. रणगाड्यांच्या दुनियेत इटलीची थट्टा फार होते. थोडी रास्त, बरीच अन्यायाची. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी 'फियाट २०००' नावाचं ४० टनांचं धूड बांधलं. दहा माणसं आत, वर घुमटात तोफ, चौफेर मशिनगन. एकूण बनवले किती? दोन. मग शहाणपण सुचलं आणि फ्रेंच रेनॉच्या धर्तीवर छोटा 'फियाट ३०००' आला. १९२७ साली रोममध्ये इटलीची पहिली रणगाडा रेजिमेंट उभी राहिली ती याच्याच भरवशावर.

त्यानंतर आला 'एल-३'. वजन तीन टनांच्या आसपास, माणसं दोन, मशिनगन दोन, तोफ नाही. चलथाणच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर उसानं लादलेल्या दोन बैलगाड्या उभ्या करा, झाला एल-३. इटालियन सैनिक त्याला सार्डिन माशांचा डबा म्हणत. आत बसणाऱ्यानंच ठेवलेलं नाव, त्यामुळे वाद नको.

इटालियन रणगाड्यांची नावं मात्र वाचायला सोपी. 'एम १३/४०' म्हणजे मध्यम वर्गाचा, तेरा टनांचा, १९४० सालचा. वजन आणि जन्मसाल छातीवर. त्याआधीच्या 'एम ११/३९' मध्ये गंमत अशी, की तोफ फिरत्या घुमटात बसवायची सोडून खाली धडात बसवली होती आणि घुमटात मशिनगना. म्हणजे तोफेचा नेम धरायचा तर अख्खा रणगाडा वळवा. ९ डिसेंबर १९४० रोजी इजिप्तमधल्या निबेइवा छावणीवर चौथी भारतीय डिव्हिजन ब्रिटिश मॅटिल्डा रणगाडे घेऊन पहाटे धडकली, तेव्हा हे एम ११ छावणीबाहेर उभे होते. काहींची इंजिनं गरम व्हायच्या आतच खेळ आटोपला.

इटालियन रणगाडेवाल्यांचं ब्रीद आहे: पोलादी धूड, पोलादी काळीज. धूड त्यांना कधीच पुरेसं पोलादी मिळालं नाही. काळजाबद्दल मात्र शंका नको. लिबियाच्या वाळवंटात १९४१ साली तयार झालेली १३२वी रणगाडा रेजिमेंट 'अरिएते' डिव्हिजनचा कणा होती. ४ नोव्हेंबर १९४२ रोजी एल अलामेनला ती वेढली गेली आणि जवळपास संपली. आपण वेढले गेलो आहोत आणि आपले रणगाडे लढत आहेत, असा शेवटचा संदेश देऊन रेडिओ बंद पडला. आज ही रेजिमेंट उत्तर इटलीत कोर्देनोन्सला आहे, आणि तिच्याकडच्या रणगाड्याचं नावही 'अरिएते'च.

१३२वी रेजिमेंट आणि आपली माणसं

या रेजिमेंटच्या कारकिर्दीतला सगळ्यात गाजलेला सकाळचा हल्ला झाला तो भारतीयांवर. २७ मे १९४२, गझालाची लढाई. बिर हकीमजवळ वाळूत तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड ठाण मांडून होती. नाव मोटर ब्रिगेड असलं तरी रणगाडा एक नाही. ट्रक, थोड्या रणगाडाविरोधी तोफा आणि नुकतेच घोड्यांवरून उतरलेले रिसाले: सेकंड लान्सर्स, इलेव्हन्थ कॅव्हलरी, एटीन्थ कॅव्हलरी. उजाडता उजाडता अरिएतेचे रणगाडे चालून आले. आपल्या तोफखान्यानं त्यातले बरेच फोडले, पण उरलेले ठाण्यात घुसले आणि ब्रिगेड चिरडली गेली. हजाराच्या आसपास लोक कैद झाले. वाळवंटात एवढ्या कैद्यांना पाजायला पाणी कुठून आणणार? म्हणून त्यातल्या सहाशेच्या आसपास जणांना शत्रूनं चक्क सोडून दिलं. ते तहानेनं व्याकुळ होऊन बिर हकीमच्या फ्रेंच ठाण्यात पोचले, तिथंही पाणी मोजूनच होतं.

याच धुमश्चक्रीत एक आजोबा होते. ॲडमिरल सर वॉल्टर कोवन, वय सत्तर. आरमारातून केव्हाच निवृत्त झालेले. घरी बसवेना म्हणून खालची पदवी घेऊन पुन्हा भरती झाले आणि भारताच्या एटीन्थ कॅव्हलरीबरोबर वाळवंटात आले. आरमाराचा माणूस, घोडदळाच्या पंगतीला, वाळूच्या समुद्रात! इटालियन रणगाडा अंगावर आला तेव्हा हे गृहस्थ पळाले नाहीत, लपलेही नाहीत. रिव्हॉल्व्हर काढलं आणि रणगाड्यावर गोळ्या झाडत राहिले. गोळ्या संपल्यावर इटालियनांनी त्यांना कैद केलं. १९४३ मध्ये सुटका झाली, तर म्हातारबुवा पुन्हा कमांडोंबरोबर युद्धावर. पहिलं डीएसओ पदक त्यांना १८९८ साली मिळालं होतं, दुसरं मिळालं १९४४ साली. मध्ये सेहेचाळीस वर्षं! पुढे एटीन्थ कॅव्हलरीनं त्यांना आपले मानद कर्नल केलं.

त्या वाळवंटातून इटलीच्या कैदी छावण्यांत गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं बघा. मेजर कुमारमंगलम, पुढे भारताचे लष्करप्रमुख. याह्याखान, पुढे पाकिस्तानचे लष्करप्रमुख आणि राष्ट्राध्यक्ष. साहबजादा याकूबखान, पुढे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री. दोन देशांचं भावी नेतृत्व एकाच देशाची कैद भोगत होतं, आणि ते दोन देश तेव्हा नकाशावर आलेलेही नव्हते.

इटलीचं देणं मराठ्यांनी दोन वर्षांनी फेडलं, पण रणगाड्यावर बसून नव्हे, पायी. माणगावकडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात पडले, नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडग्यांच्या स्मरणार्थ इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ साली सूर्यघड्याळ उभारलं.

नाना फडणवीसांना धरणारा इटालियन

गझालात चिरडल्या गेलेल्या त्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर फिलोज. हे आडनाव कुठे ऐकलंय? मराठी इतिहास वाचणाऱ्याच्या कानाला ते खटकलं पाहिजे. नेपल्सहून आलेला मायकेल फिलोज महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेत चढत गेला. १७९७ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या गोटात जायला नाना फडणवीस कचरत होते. फिलोजनं सुरक्षिततेची हमी दिली, शपथ घेतली. नाना ३१ डिसेंबरला भेटीला गेले आणि त्याच फिलोजनं त्यांना धरलं. साडेतीन शहाण्यांतल्या अर्ध्या शहाण्याला एका इटालियनाच्या शब्दानं गोत्यात आणलं. फिलोज घराणं पुढे ग्वाल्हेरलाच रुजलं. शिंद्यांचा जयविलास राजवाडा बांधला तो सर मायकेल फिलोज यांनी.

आणि नानांना कैदेत ठेवलं कुठे? अहमदनगरच्या किल्ल्यात. हे नगर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दीडशे वर्षांनी पंडित नेहरूही त्याच किल्ल्यात होते.

पेशव्यांच्या पैशानं उभी राहिलेली रेजिमेंट

इटलीकडे १३२वी, तर आपल्याकडे पूना हॉर्स. लष्करी यादीतलं नाव '१७ हॉर्स', पण तसं कुणी म्हणत नाही. जून १८१७ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या गळी पुणे करार उतरवला आणि त्यानुसार खर्च पेशव्यांचा, हुकूम इंग्रजांचा, असं घोडदळ उभं राहिलं: पूना ऑक्झिलिअरी हॉर्स. पाच-सहा महिन्यांत हेच घोडदळ पेशव्यांच्या विरुद्ध मैदानात. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत लेफ्टनंट स्वॅन्स्टनच्या हाताखाली या दलाचे तीनेकशे स्वार होते. इंग्रजांच्या व्यवहारबुद्धीला दाद द्यावी की बाजीरावाच्या सहीला हसावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढची कित्येक दशकं या रेजिमेंटचं घर होतं घोडनदीकाठचं शिरूर. आज पुणे-नगर रस्त्यावर भेळ खायला थांबणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? पद्धत आपली जुनीच होती, शिलेदारीची: घोडा, खोगीर, साज स्वाराचा, बंदूक आणि पगार सरकारचा. घोडा मेला तर नुकसान स्वाराचं, म्हणून घोड्याची निगा पोटच्या पोरासारखी. शिवकाळात चाललेली ही रीत इंग्रजांनी पहिल्या महायुद्धापर्यंत जशीच्या तशी वापरली.

या रेजिमेंटच्या निशाणाच्या टोकावर भाला नसतो, चांदीचा पंजा असतो. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणात खुशाबला इराणी पायदळानं चौकोनी व्यूह रचला होता. संगिनींचा असा चौकोन घोडदळानं फोडायचा नसतो, असं त्या काळची सगळी पुस्तकं सांगत. थर्ड बॉम्बे लाइट कॅव्हलरीनं तो फोडला. तिच्या दोन अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्या मोहिमेत इराणी निशाणावरचा तो पंजा हाती लागला. १९२१ साली ही कॅव्हलरी आणि शिरूरवाले एकत्र झाले, आणि पंजा दोघांचा झाला.

आता खरी मजा. जगातला पहिला रणगाडा युद्धात उतरला १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर, फ्लेर-कूर्सेलेतला. पूना हॉर्सच्या युद्धसन्मानांच्या यादीत हेच नाव आहे! पुढच्या वर्षी कांब्रेला शेकडो रणगाड्यांचा पहिला मोठा हल्ला झाला, तेही नाव आहे. म्हणजे रणगाड्याचं बारसं झालं तेव्हा शिरूरचे घोडे मागच्या फळीत उभे होते. आपली जागा घेणारं यंत्र घोड्यांनी असं समोरासमोर पाहिलं.

घोडे गेले, तरी रणगाड्यातला साधा शिपाई आजही कागदोपत्री 'सवार'च असतो. त्याच्यावर दफेदार, त्याच्यावर रिसालदार. पायदळात शिपाई, हवालदार, सुभेदार. पुढच्या वेळी गाडीत सुट्टीवर निघालेला फौजी भेटला, की हुद्दा विचारा. पायी लढतो की पट्ट्यांवर, ते लगेच कळेल.

निजामाच्या फौजेतून आलेले कर्नल

अर्देशीर तारापोर. जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. शाळा पुण्याची, सरदार दस्तूर बॉइज. घराण्याची कथा अशी, की रतनजीबा नावाच्या पूर्वजाला शिवाजी महाराजांनी शंभर गावं इनाम दिली आणि त्यातलं मुख्य गाव तारापूर. पालघर जिल्ह्यातलं तेच तारापूर, मुंबईहून सुरतेला येताना बोईसरच्या आसपास डावीकडे राहतं.

तारापोर शिरले निजामाच्या पायदळात. मन मात्र चिलखती गाड्यांत. एकदा हातबॉम्ब फेकण्याच्या सरावात एका रिक्रूटचा बॉम्ब हातातून सुटून तिथंच पडला. तारापोरांनी झडप घालून तो उचलला आणि भिरकावला. हवेत फुटला, छातीत तुकडे घुसले. निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी बरं झाल्यावर बोलावून कौतुक केलं, तेव्हा या पठ्ठ्यानं तिथल्या तिथं बदलीचा अर्ज घातला: मला लान्सर्समध्ये पाठवा. मिळाली बदली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गाकडे निघाली, तेव्हा तारापोर निजामाच्या नोकरीत होते. संस्थान विलीन झालं आणि १९५१ साली ते पूना हॉर्समध्ये आले.

१९६५च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात तेच तिचे कमांडिंग ऑफिसर. ११ सप्टेंबरपासून फिलोरा, वझीरवाली, जस्सोरान, बुतूर-डोगरांडी. जखमी झाले, मागे जायला नकार दिला. त्यांच्या रेजिमेंटनं शत्रूचे साठेक रणगाडे मोडले आणि स्वतःचे नऊ गमावले. १६ सप्टेंबरला ते पडले. परमवीरचक्र मिळालं. आपले अंत्यसंस्कार रणभूमीवरच व्हावेत, अशी त्यांची इच्छा होती, तसेच झाले.

ऊस आणि पॅटन

आता उसाकडे वळू. चलथाणच्या वाचकाला हे प्रकरण विशेष आवडेल, कारण भारताच्या सगळ्यात मोठ्या रणगाडा विजयात उसाचा वाटा घसघशीत आहे.

तेच युद्ध, सप्टेंबर १९६५, पंजाबातलं खेमकरणजवळचं असल उत्तर गाव. पाकिस्तानकडे अमेरिकेचे नवेकोरे पॅटन रणगाडे, ९० मिलिमीटरची तोफ, रात्री बघायची सोय. आपल्याकडे डेक्कन हॉर्स रेजिमेंट शर्मन रणगाडे घेऊन उभी, जे दुसऱ्या महायुद्धातले. डेक्कन हॉर्सचं मूळ निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटमध्ये, जिच्या घोडदळाचं एक मोठं ठाणं होतं मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई. आणि १९६५ मधला तिचा कमांडर होता लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, अलिबागकडचा मराठी माणूस.

डाव साधा होता. रणगाडे घोड्याच्या नालेच्या आकारात मांडायचे, उंच उसात दडवायचे आणि शत्रूला आत येऊ द्यायचं. रात्रीत कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. ज्यानं आयुष्यात कधी भिजवलेल्या उसात पाय घातलाय त्याला पुढचं सांगायला नको. पिंढरीपर्यंत चिखल, पाचटानं कापलेले हात, चार सऱ्यांपलीकडचं दिसत नाही. त्यात पंचेचाळीस टनांचा पॅटन शिरला. पट्टे रुतले. आतल्या चालकाला ऊस दिसतो, शत्रू नाही. आणि बाहेरून बघणाऱ्याला मात्र उसाचे शेंडे हलताना दिसतात: वारा नाही आणि तुरे एका रेषेत वाकताहेत, म्हणजे खाली रणगाडा चालतोय. शर्मनवाले थांबले, पॅटन अगदी जवळ येईपर्यंत थांबले आणि मग बाजूनं हाणले. नव्या रणगाड्याच्या सगळ्या सोयी लांबून लढण्यासाठी होत्या. इथं लढाई बांधाच्या अंतरावर झाली. याच रणात अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं पॅटन टिपले आणि परमवीरचक्र मिळवलं.

१० सप्टेंबरपर्यंत पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले. त्यातले कित्येक तर न फुटता, नुसते रुतलेले सापडले. शेजारच्या भिखीविंडला ते रांगेत मांडले आणि लोक त्याला पॅटननगर म्हणू लागले. आज गावोगावच्या चौकांत, छावण्यांच्या फाटकांवर जे पॅटन दिसतात त्यांतले कित्येक इथलेच.

वैद्यांना महावीरचक्र मिळालं. १९७१ साली ब्रिगेडियर म्हणून बसंतरच्या लढाईत पुन्हा महावीरचक्र! पुढे ते लष्करप्रमुख झाले. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली. रणगाडा हा विषय निघाला की आपण जर्मन रोमेलच्या गोष्टी सांगतो. वैद्यांची गोष्ट सांगायला मराठी माणूस का लाजतो, हे मला आजवर उमजलेलं नाही.

गोल्फच्या काठ्या घेऊन निघालेला पोरगा

अरुण खेत्रपाल जन्मानं पुण्याचे, १४ ऑक्टोबर १९५०. जून १९७१ मध्ये पूना हॉर्समध्ये सेकंड लेफ्टनंट, आणि लगोलग नगरला नव्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमाला. पाकिस्तानशी युद्धाचे ढग जमले, शिक्षणक्रम मोडला, सगळ्यांना रेजिमेंटकडे धाडलं. वाटेत दिल्लीला घरी थांबले, तेव्हा सामानात गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश. कशाला? लाहोरला गोल्फ खेळणार आणि जिंकल्यावर जेवणावळ होईलच की.

बसंतर नदीपाशी १५ डिसेंबरच्या रात्री सुरुंग काढायचं काम अर्धवट होतं. पूना हॉर्सचे कमांडर हनूतसिंग यांनी वाट पुरी व्हायची वाट न बघता रणगाडे सुरुंगांतून घातले. आणि एकही रणगाडा मागे येणार नाही, असा हुकूम दिला. हनूतसिंग आजन्म ब्रह्मचारी, ध्यानधारणा करणारे. पुढे लेफ्टनंट जनरल झाले आणि रेजिमेंटचा इतिहास त्यांनीच लिहिला. त्याचं नाव 'फख्र-ए-हिंद'. ही पदवी शत्रूनं दिली, असं पूना हॉर्सवाले अभिमानानं सांगतात.

१६ डिसेंबर. खेत्रपालांचा सेंच्युरियन रणगाडा, नाव 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या बंदरावरून. सेंच्युरियनच्या आत चार माणसं. कमांडर वर, नेमबाज त्याच्या पायांशी, गोळा भरणारा बाजूला, चालक पुढे खाली. भरणाऱ्यानं अठरा-वीस किलोचा गोळा ओणवं होऊन उचलायचा, तोफेत सारायचा, हात मागे घ्यायचा, कारण तोफ उडाली की मागचा भाग जोरात मागे येतो. दर काही सेकंदांनी हेच. आत दारूगोळ्याचा धूर, इंजिनाची धग. (इंजिनाची गंमत अशी, की ते स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचं भावंड. आणि ब्रिटिशांनी सेंच्युरियनपासून रणगाड्यातच पाणी उकळायची सोय केली, कारण महायुद्धात चहासाठी खाली उतरलेले त्यांचे लोक मारले जात. चहाबाजांना हे पटेल.)

रणगाडा पेटला. बाहेर पडा, असा हुकूम रेडिओवर आला. माझी तोफ अजून चालतेय, असं उत्तर देऊन खेत्रपालांनी संच बंद केला. थोड्याच वेळात शेवटचा गोळा बसला. वय एकवीस. परमवीरचक्र. भारतीय चिलखती दलाच्या वाट्याला आजवर दोनच परमवीरचक्रं आली. दोन्ही पूना हॉर्सची, आणि दोघंही सोळा तारखेलाच पडले. अंदमानातल्या दोन बेटांना २०२३ पासून या दोघांची नावं आहेत.

तीस वर्षांनी, २००१ मध्ये, खेत्रपालांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल लाहोरला गेले. त्यांचा पाहुणचार करणारे होते पाकिस्तानच्या थर्टीन्थ लान्सर्सचे निवृत्त अधिकारी ख्वाजा मोहम्मद नासेर. परतीच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं: तुमच्या मुलाचा रणगाडा मी टिपला. यावर श्रीराम राघवन यांनी 'इक्कीस' हा चित्रपट केला आहे.

तर नगरला जा

खेत्रपाल जिथून घाईनं निघाले, नाना जिथं कैदेत होते, ते नगर आज अहिल्यानगर. भारतीय चिलखती दलाचं शिक्षणकेंद्र तिथंच. देशातला प्रत्येक रणगाडेवाला कधी ना कधी तिथलं पाणी पितो. शहराबाहेर गोळाबारीचा जो के. के. रेंज आहे, त्यातले दोन 'के' म्हणजे खारे कर्जुने, एक साधं नगरी गाव. दुरुस्त केलेला फामागुस्ताही त्याच केंद्रात जपून ठेवलेला आहे.

त्याच शहरात १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीवर चिलखत चढवलेली गाडी तिथं आहे. महाराजांच्या दारातली गाडी लढाईवर गेलेली बघायची असेल तर ती बघा. जपानचा हा-गो, ब्रिटिशांचे मॅटिल्डा आणि चर्चिल, जर्मन तोफ, आपला विजयंता, आणि खेमकरणच्या बाजूचे पॅटन. परदेशात संग्रहालयांना तिकिटं काढून जाणारे आपण, शिर्डीहून दोन तासांवर असलेलं हे ठिकाण गाडीतून न थांबता ओलांडतो.

दिवाळीच्या सुट्टीत चलथाणहून गावी निघाल, तेव्हा धुळे-मनमाडकडून एक दिवस नगरला वळवा. पुण्याहून तर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. पोरांना बरोबर न्या, पॅटनपुढे उभं करा आणि तो उसात कसा फसला ते तुमच्या तोंडानं सांगा.